नाव खारीज करू नका

प्रति,
मा. मुख्य कार्यकारी अधिकारी, जिल्हा परिषद,
मा. शिक्षणाधिकारी (माध्यमिक),
आणि मल्टिपर्पज हायस्कूलच्या अमृत महोत्सव समितीतले माझे वर्गमित्र

स. न. वि. वि.

समितीची निमंत्रणपत्रिका मिळाली. कागद झकास आहे. वर गणपती, खाली पाहुण्यांची नावं आणि मधोमध सोनेरी अक्षरांत 'स्थापना : 1950'. कार्यक्रमही वाचले. नवीन स्वागत कमान, आर्ट पेपरवर स्मरणिका, मोठ्या पदांवर गेलेल्या माजी विद्यार्थ्यांचा सत्कार आणि दुपारी जेवण. जेवणाबद्दल माझी काही तक्रार नाही. तक्रार त्या 1950 बद्दल आहे. ती बैठकीत तोंडी मांडून पाहिली. "तू लिहून दे, बघू" असं उत्तर मिळालं, म्हणून लिहून देतोय. आणि बंद पाकिटातली पत्रं आपल्याकडं कुठं जातात हे नोकरीत पाहिलेलं असल्यामुळं उघड लिहितोय.

मी 1971 च्या जूनमध्ये या शाळेत पाचवीला आलो आणि 1977 साली दहावी 'ड' मधून बाहेर पडलो. पुढं भूमी अभिलेख कार्यालयात जन्म गेला. सेतवार, खासरा पाहणी, फसली सन, मोडी आणि मोडकी उर्दू यांच्याशी तिथंच दोस्ती झाली. गावाचं नाव मुद्दाम लिहीत नाही. मराठवाड्यातल्या बहुतेक जिल्ह्याच्या गावी अशी एक मल्टिपर्पज आहे: दगडी इमारत, पुढं मोठं मैदान, सभांसाठी ते मैदान मागायला येणारे पुढारी आणि भिंतीला टेकलेले चहाचे गाडे. दुसऱ्या गावच्या माणसानं हे पत्र आपल्याच शाळेचं समजून वाचलं तरी फारसं चुकणार नाही.

आता मुद्द्याचं. शाळेत एक दाखल-खारीज रजिस्टर आहे. खरं तर अनेक आहेत, पण त्यातलं सर्वांत जुनं मी दोन वर्षांपूर्वी पहिल्यांदा पाहिलं. 2023 च्या सप्टेंबरात निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती नेमली गेली आणि मराठवाडाभर निजामकालीन कागदांत कुणबी नोंदी शोधायचं काम सुरू झालं, तेव्हा कचेऱ्यांबरोबर जुन्या शाळांचीही कपाटं उघडली. आपल्या शाळेतही तहसीलची माणसं आली. मला जुन्या ओळखीनं वाचायला बोलावलं, सोबत उर्दू शाळेचे एक सर होते. हेडक्लार्कनं जिन्याखालच्या खोलीतून एक रुमाल, म्हणजे जुने कागद बांधून ठेवलेलं गाठोडं, आणला. लाल मांजरपाटाचा, गाठ सुटेना म्हणून शेवटी कात्रीनं कापला. आत उधईनं कडा कुरतडलेलं, पण मधला मजकूर शाबूत असलेलं रजिस्टर. पहिली नोंद 1331 फसलीची.

फसली म्हणजे निजामाच्या कारभारातला सन, त्यात 590 मिळवले की इसवी सन येतो. म्हणजे 1921-22. वर्ष सुरू व्हायचं ऑक्टोबरात, आजूर महिन्यानं, मग दै, बहमन, इस्फंदार असं पुढं. त्यातही पहिल्या पानावर वरच्या वर्गांत दाखल झालेली मुलं आहेत, तेव्हा याच्या आधीचंही एखादं रजिस्टर असणार. ते मला दिसलेलं नाही. पण दिसलेल्या कागदावरून एवढं नक्की की 1950 साली ही शाळा जन्माला आली नाही. तेव्हा ती निदान अठ्ठावीस वर्षांची होती.

बैठकीत मी हे बोललो तेव्हा एक मित्र म्हणाला, "निजामाचं कशाला उकरून काढतोस? आपण स्वातंत्र्यानंतरचंच धरू." टाळ्या त्याला पडल्या. त्याच्या मनात वाईट काही नव्हतं, मला ठाऊक आहे. पण शाळेचा इतिहास म्हणजे आपण निवडून घ्यायची लग्नाची तिथी नव्हे.

निजामाची शाळा होती, तर ती कशी होती तेही सांगू ना. तहतानिया म्हणजे प्राथमिक, वस्तानिया म्हणजे मधली आणि फोकानिया म्हणजे हायस्कूल, अशी ती पायरी. खालच्या वर्गांत मराठी चालायची, वर गेलं की सगळं उर्दूत. 1918 साली हैदराबादला उस्मानिया विद्यापीठ उभं राहिलं आणि वैद्यकापासून गणितापर्यंत सगळं उर्दूत शिकवायचं ठरलं. त्यासाठी दारुत्तर्जुमा नावाचं भाषांतराचं खास खातं काढलं. देशी भाषेत उच्च शिक्षण देता येतं हे दाखवणारा हा मोठाच प्रयोग होता, आणि ज्यांच्या घरची भाषा ती नव्हती त्यांच्यासाठी ती मोठीच भिंत होती. दोन्ही गोष्टी खऱ्या. माझे आजोबा याच शाळेत शिकले आणि भूमितीत दोनदा आपटले. म्हातारपणी आम्हाला मांडीवर घेऊन ते 'मुसल्लस, जाविया, दायरा, खते मुस्तकीम' असं म्हणून दाखवायचे आणि हसायचे. त्रिकोण, कोन, वर्तुळ, सरळ रेषा. "रेषा सरळ होती रे, भाषा वाकडी पडली," एवढंच म्हणायचे. गावातल्या मौलवी साहेबांचं नाव मात्र कधी टोपी काढल्याशिवाय घेतलं नाही. त्यांच्या घरी जाऊन आजोबा फुकट उर्दू शिकत होते.

याच मुलखात मौलवी अब्दुल हक शाळातपासनीस होते, हेही विसरू नये. पुढं ज्यांना बाबा-ए-उर्दू म्हटलं गेलं तेच. अंजुमन तरक्की-ए-उर्दू या संस्थेचा कारभार त्यांनी बरीच वर्षं औरंगाबादेतून चालवला. अशा माणसाच्या तपासणीचे शेरे मराठवाड्यातल्या कुठल्यातरी शाळेच्या शेरेबुकात असतीलच. आपल्या जिन्याखालच्या खोलीत आणखी चार रुमाल आहेत, ते त्या दिवशी कुणी सोडले नाहीत. त्यांत काय आहे हे पाहायची समितीला उत्सुकता का वाटू नये, हे मला खरंच कळत नाही.

दुसरीकडं, सरकारी शाळेत आपलं लेकरू आपल्या भाषेत शिकत नाही म्हणून लोकांनी स्वतःच्या शाळा काढल्या. त्याला परवानगी मिळवता मिळवता नाकी नऊ यायचे. औरंगाबादेत सरस्वती भुवन 1915 सालची. हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा 1921 ची, व्यंकटेश खेडगीकर तिथं शिक्षक म्हणून आले आणि पुढं स्वामी रामानंद तीर्थ झाले. नंतर अंबाजोगाईला योगेश्वरी विद्यालयाचे ते हेडमास्तर. हैदराबादच्या मुक्तिसंग्रामाचा नेता शाळेच्या वर्गातून उठून गेला, हे मराठवाड्यात लहान पोरालाही सांगायला हवं. या शाळांचा इतिहास लिहिला गेला, त्यांच्या संस्थांनी तो जपला, कारण त्यांना कुणीतरी वाली होता. सरकारी शाळेला वाली कोण? बदली होऊन येणारा साहेब. तो तीन वर्षांनी जातो.

आता त्या रजिस्टरातलं एक पान. 1348 फसलीचं, म्हणजे 1938-39. नोव्हेंबर 1938 मध्ये औरंगाबादच्या इंटरमिजिएट कॉलेजच्या वसतिगृहात वंदे मातरम् म्हणण्यावरून मुलांनी माघार घेतली नाही. तिथून ते लोण हैदराबादला, उस्मानियाच्या वसतिगृहात आणि वरंगळपर्यंत गेलं. शेकडो विद्यार्थ्यांची नावं कमी झाली आणि नागपूर विद्यापीठानं कुलगुरू केदारांच्या पुढाकारानं त्यांना दारं उघडली. हे सगळं ग्रंथांत आहे. आपल्या रजिस्टरात काय आहे? एकाच पानावर, एकाच महिन्यात, पाच नावांपुढं 'खारिज'. कारणाचा रकाना कोरा. आधीच्या-नंतरच्या पानांवर कारण लिहिलेलं असतं: वडिलांची बदली, गैरहाजिरी, ताऊन म्हणजे प्लेग, वफात म्हणजे मृत्यू. या पाचांपुढं काहीच नाही. मी त्यावरून कथा रचणार नाही. पाचही मुलं एखाद्या साथीत गावाकडं गेलेली असू शकतील. पण नावं आहेत, वल्द म्हणजे बाप अमुक, साकिन म्हणजे राहणार तमुक, असं सगळं आहे. त्यांच्या गावी जाऊन नातवंडांना विचारता येईल. स्मरणिकेच्या जाहिरातीसाठी जेवढे फोन झाले त्याच्या दहाव्या हिश्शात हे काम होईल.

आणि 1357 फसलीची पानं. ही पानं मी एकदाच वाचली आणि रात्री झोप लागली नाही. त्या वर्षी खारीज झालेली नावं इतकी आहेत की कारकुनाचं अक्षर बिघडत गेलेलं दिसतं. वर्षाच्या पहिल्या अर्ध्यात देशपांडे, कुलकर्णी, मारवाडी, पाटील अशी घरं गेली. रझाकारांच्या भीतीनं माणसं सरहद्दीपलीकडं जात होती तो काळ. मग आबान महिना, सप्टेंबर 1948, 13 ते 17 तारखांची पोलीस कारवाई. त्यानंतर जी नावं गळली ती बहुतेक मुसलमान मुलांची. त्यांच्यावर त्या दिवसांत या भागात काय गुदरलं तेही म्हाताऱ्या माणसांनी हळू आवाजात सांगितलेलं आहे. एकाच वर्षाचं रजिस्टर, आणि गावातली दोन्ही बाजूंची पोरं त्यातून निघून गेली. थोडीफार परत आली, त्यांना नवे नंबर पडले. मित्रहो, तुम्ही 1950 पासून मोजलं की हे पान आपोआप वगळलं जातं. कदाचित म्हणूनच 1950 सोयीचं वाटत असेल.

पुढची पानं मराठीत आहेत. एका रजिस्टराच्या मध्यावर उर्दू संपते आणि पान उलटलं की उजवीकडून डावीकडं जाणारं लिखाण डावीकडून उजवीकडं येतं. हा बदल पाहताना मजा वाटते, कारण कारकून तोच असावा. मराठी अक्षरं त्याला नीट वळत नाहीत, 'ळ' तर दरवेळी वेगळा.

मल्टिपर्पज हे नाव आलं मुदलियार आयोगामुळं. 1952-53 च्या त्या आयोगानं म्हटलं की हायस्कूल म्हणजे नुसती मॅट्रिकची फॅक्टरी नको. शास्त्र आणि भाषांबरोबर तंत्र, शेती, वाणिज्य, चित्रकला, गृहशास्त्र असेही मार्ग पोरांना असावेत. म्हणून बहुविध प्रशाला. कागदावर आजही 'बहुविध प्रशाला' आहे, तोंडी मात्र 'मल्टिपर्पज', आणि मोंढ्यातल्या हमालापासून रिक्षावाल्यापर्यंत सगळे 'मल्टी'. रिक्षावाल्याला "शाळेत सोड" म्हटलं तर तो "कोणत्या?" विचारतो, "मल्टीला" म्हटलं की विचारत नाही.

आमच्या वेळी त्या नावातला अर्थ अजून शिल्लक होता. मागच्या अंगाला वर्कशॉप होतं, तिथं लेथ मशीन, सुतारकामाची बाकं आणि खरवडलेल्या लोखंडाचा वास. शेतीच्या विषयाला शाळेची स्वतःची विहीर आणि अर्धा एकर. प्रयोगशाळेत काचेच्या बरण्यांत साप, विंचू आणि आमच्या हातून मेलेला एक बेडूक. ग्रंथालयाचे सर पुस्तक देताना एक प्रश्न विचारायचे आणि परत घेताना दोन. मास्तर लोक बदल्यांनी आलेले, कुणी हैदराबादचे, कुणी वऱ्हाडातले, एक तर थेट कोल्हापूरकडचे, त्यांची भाषा ऐकून आम्ही हसायचो आणि ते आमच्या 'करलालास', 'बसलालो'वर हसायचे. पगार सरकारी, शिकवणी घ्यायची सोय आणि गरज दोन्ही नाही. फी नावालाच. 1 मे 1962 ला जिल्हा परिषदा आल्या तेव्हा या शाळा सरकारकडून त्यांच्याकडं गेल्या. जिल्हा परिषदेची एवढी हायस्कुलं पश्चिम महाराष्ट्रात क्वचितच दिसतात, तिथं ते काम बहुतेक संस्थांनी केलेलं आहे. आपल्याकडं सरकारनं केलं, कारण संस्था काढायलाच बंदीसारखी परिस्थिती होती. म्हणजे मल्टिपर्पजचं जिल्हा परिषदेकडं असणं हा त्या निजामी इतिहासाचाच थेट वारसा. साहेब, आपल्या टेबलावर या शाळेची फाइल का येते, याचं उत्तर 1950 च्या आधीच आहे.

खेड्यातली पोरं शहरात खोली करून राहायची. चौघात एक खोली, एक स्टोव्ह, आणि गावाकडून येष्टीनं येणारा डबा. सकाळच्या गाडीला भाकरी, कोरडं पिठलं, कधी ठेचा. डब्याला दोरीनं चिठ्ठी बांधलेली. गाडी चुकली की मधल्या सुट्टीत नळाचं पाणी. शाळेच्या घंटेपेक्षा आमचं लक्ष स्टँडवरच्या त्या गाडीकडं जास्त. लौकिक लौकिक म्हणतात त्यात या येष्टीच्या ड्रायव्हर-कंडक्टरांचाही वाटा आहे, त्यांचा सत्कार कुणाच्या डोक्यात आलेला दिसत नाही.

आणि आता ज्यासाठी हे सगळं लिहितोय ते. 1972. मी सहावीत होतो. पाऊस नाही, विहिरी कोरड्या, रेशनवर लाल मिलो. गावंच्या गावं कामावर: पाझर तलाव, रस्ते, खडी फोडणं. कामावर सुकडी मिळायची, म्हणून लेकरंही आईबापामागं गेली. दिवाळीनंतर आमच्या 'ड' तुकडीत निम्मी बाकं रिकामी. नियमाप्रमाणं सलग गैरहजर राहिलेल्याचं नाव कमी करायचं असतं. वर्गशिक्षकांनी यादी करून दिली. हेडमास्तरांनी ती परत पाठवली. हे आम्हाला तेव्हा कळलं नाही, शिपाई मामांनी फार पुढं सांगितलं. पण त्या दिवशी रुमाल सोडून मी 1972-73 चं रजिस्टरही मागून घेतलं आणि पाहिलं. खारीजचा रकाना जवळजवळ रिकामा आहे. हजेरीपटावर 'गै', 'गै', 'गै' अशा रांगा, आणि नाव मात्र तसंच. 73 च्या पावसानंतर पोरं परत आली तेव्हा कुणाला नवा दाखला मागावा लागला नाही, फी लागली नाही, नंबर तोच. माझ्या बाकावरचा मित्र त्या वर्षी खडी फोडून परत आला, हाताला घट्टे, आणि सरांनी हजेरी घेताना त्याचं नाव असं घेतलं जणू तो काल येऊन गेला होता. तो पुढं वीज मंडळात लाइनमन झाला. स्मरणिकेच्या 'आमचे मानबिंदू' या विभागात त्याचा फोटो नाही. त्याला त्याचं काही वाटत नाही, मला वाटतं.

बोर्डाच्या यादीत या शाळेची पोरं आली, डॉक्टर झाली, कलेक्टर झाली, हे खरंच आहे, आणि त्यांचा सत्कार जरूर करा. पण हुशार पोरगं कुठंही हुशार असतं. मुलाखत न घेता, डोनेशन न मागता, बापाचा धंदा न विचारता जो येईल त्याला घेणं आणि सहजासहजी नाव न काढणं, यावर आपल्या शाळेचं नाव झालं. त्याचा पुरावा फोटोंत सापडत नाही, त्या एका रिकाम्या रकान्यात आहे.

सगळंच गोड होतं असं मी म्हणत नाही. 1331 च्या रजिस्टरात मुलीचं एकही नाव नाही. पहिली मुलगी पन्नाशीच्या दशकाच्या शेवटी दिसते. कौमच्या, म्हणजे जातीच्या, रकान्यात जे शब्द आहेत ते आज मोठ्यानं वाचता येणार नाहीत. 1956 नंतरच्या वर्षांत त्या रकान्यात 'नवबौद्ध' दिसू लागतं, तो शब्द लिहिताना कारकुनानं दाबलेला टाक मागच्या पानावर उमटलाय, रागानं की अभिमानानं कोण जाणे. आमच्या वर्गातही पाण्याच्या माठापाशी कोण आधी आणि कोण नंतर हे ठरलेलं होतं, आणि ते बंद करायला एका सरांना वर्षभर स्वतः माठापाशी उभं राहावं लागलं.

मग उतरण कधी लागली? एका दिवसात नाही. निवृत्त होणाऱ्या मास्तरांच्या जागी माणूस येईना, वर्कशॉपचा लेथ गंजला, शेतीची विहीर बुजवून तिथं सायकल स्टँड झालं. 2012 च्या स्वयंअर्थसहाय्यित शाळांच्या कायद्यानंतर गल्लोगल्ली इंग्रजी पाट्या लागल्या. पट घसरला की संच मान्यतेत, म्हणजे पटावरून शिक्षकांची पदं ठरवताना, पदं कमी होतात, पदं कमी झाली की पट आणखी घसरतो. आज शाळेत गणित शिकवायला तासिका तत्त्वावर आलेली एक मुलगी आहे. चांगलं शिकवते, पण जूनमध्ये ती असेल की नाही हे तिलाही ठाऊक नाही. आणि दोष फक्त साहेबांना कसा देऊ? माझ्या मुलाला मी 1994 साली इंग्रजी शाळेत घातलं. घरापासून मल्टी चालत सात मिनिटांवर होती. आजोबांपासून चालत आलेलं नाव मीच थांबवलं. समितीतल्या एकाही मित्राचं नातवंड आज या शाळेच्या पटावर नाही, हे आपण सगळे जाणतो आणि बैठकीत कुणी बोलत नाही. आज तिथं जी लेकरं आहेत ती वीटभट्टीवरच्या, ऊसतोडीच्या, बांधकामावरच्या माणसांची आहेत. ऊसतोडीला गेलेल्या घरातलं पोरगं दिवाळी ते उन्हाळा गैरहजर असतं. म्हणजे 1972 दरवर्षी येतं. त्यांची नावं कमी करायची की ठेवायची, हा प्रश्न आजच्या मुख्याध्यापिका बाईंपुढं दर वर्षी असतो, आणि त्यांनी जमेल तेवढी ठेवली आहेत. महोत्सवात त्यांना भाषणाला दोन मिनिटं आहेत. पत्रिकेत नाव सर्वांत खाली.

कमानीविषयी थोडं. कमानीचा खर्च मला कळला, आकडा इथं लिहीत नाही, लाज वाटते. रस्त्याच्या बाजूनं बीओटीवर, म्हणजे 'बांधा, वापरा, हस्तांतरित करा' या बोलीवर, गाळे काढायचा प्रस्तावही चर्चेत आहे आणि त्यासाठी दगडी इमारत 'धोकादायक' ठरवायची घाई चालल्याचं ऐकतो. किल्लारीनंतर दगडी भिंतीची सगळ्या मराठवाड्यानं धास्ती घेतली, ते समजू शकतो. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे जी घरं माणसांवर कोसळली त्यांच्या भिंती गोट्यांच्या, मातीत रचलेल्या, वर जड माळवद होतं. आपली इमारत घडीव दगडाची आणि चुन्यातली आहे. ती सुरक्षित आहे असं मी छातीठोक म्हणणार नाही, तो माझा विषय नाही. पण ज्यांचा विषय आहे त्यांच्याकडून रीतसर स्ट्रक्चरल ऑडिट करून घ्या आणि त्याचा अहवाल गावापुढं ठेवा. दर्शनी दरवाज्यावर डिस्टेंपरच्या थरांखाली एक कोनशिला आहे, उन्हं तिरपी असली की अक्षरांचे उठाव दिसतात. कमान बांधण्याआधी ते थर खरवडून बघा. स्थापनेचं साल कदाचित तिथंच लिहिलेलं असेल आणि माझा-तुमचा वाद मिटेल.

शेवटी पुन्हा रजिस्टरावर येतो. 2023 ची ती माणसं एकच शब्द शोधायला आली होती. प्रत्येक पानावर बोट फिरवायचं, शब्द आहे की नाही एवढं लिहायचं, पुढचं पान. त्यांचं काम तेवढंच होतं. संध्याकाळी रुमाल परत बांधला, गाठ मारायला कापड पुरेना म्हणून सुतळी लावली, आणि जिन्याखाली ठेवला. जमिनीवर. तिथं ओल आहे. तो शब्द कुणासाठी किती मोलाचा आहे हे मी जाणतो, त्या वादात मला पडायचं नाही. पण त्या पानांवर बाकीचेही शब्द आहेत. जात पडताळणीला रोज कुणी ना कुणी शाळेत प्रवेश-निर्गम उतारा मागायला येतो. अनुसूचित जातीला 10 ऑगस्ट 1950, भटक्या-विमुक्तांना 21 नोव्हेंबर 1961, ओबीसींना 13 ऑक्टोबर 1967 च्या आधीचा पुरावा लागतो. हेडक्लार्क मला म्हणाला, "काका, अर्ध्या जिल्ह्याची नशिबं या खोलीत आहेत आणि खोलीला कडी नाही." तेव्हा हे काही म्हाताऱ्याचं स्मरणरंजन नाही. गरिबाच्या पोराची मेडिकलची सीट उधईच्या तोंडात आहे.

माझं मागणं फार नाही. रुमाल आधी जमिनीवरून उचलून लोखंडी कपाटात ठेवा. सगळी रजिस्टरं, शेरेबुकं, पगारपत्रकं पानन् पान स्कॅन करून घ्या, एकच शब्द शोधून नव्हे. एक प्रत शाळेत, एक जिल्हा परिषदेत आणि एक पुराभिलेख विभागाकडं असू द्या. जातीची नोंद असलेली अलीकडची पानं इंटरनेटवर उघडी टाकू नका, ज्याची नोंद त्यालाच ती मिळावी. पत्रिकेवरचं 1950 खोडा. त्याऐवजी नक्की साल माहीत नसेल तर '1922 पूर्वी' असं छापा, त्यात कमीपणा नाही. पत्रिका पुन्हा छापायचा खर्च मी देतो. आणि स्मरणिकेत मराठीबरोबर चार पानं उर्दूची असावीत, कारण याच इमारतीच्या उत्तरेकडच्या चार खोल्यांत आजही उर्दू माध्यमाचे वर्ग भरतात, आणि समितीत त्यांच्यातलं कुणी नाही, हे लक्षात आलंय का कुणाच्या?

उर्दू पानं वाचायचं काम मी करीन, मोबदला नको. उर्दू शाळेचे ते सरही तयार आहेत, त्यांची उर्दू माझ्यापेक्षा शंभरपट चांगली, माझं मोडी त्यांच्यापेक्षा. आम्हाला चारही पाय शाबूत असलेलं एक टेबल, एक दिवा आणि जिन्याखालच्या खोलीची किल्ली लागेल. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते पाच. मृगाच्या आत सुरुवात करायला हवी, कारण पाऊस पडला की त्या खोलीत पाणी झिरपतं. गेल्या वर्षीच्या पाण्याचा डाग भिंतीवर वीतभर उंचीवर आहे. रुमालाची जाडी मी मोजली आहे, तीही वीतभरच.

कळावे.

आपला,
एक माजी विद्यार्थी
दहावी 'ड', 1977